घोडं पेंड खातंय ते कॅचरपाशी

अहो, ऐकलंत का? शनिवारी तुम्ही जेवून लगेच निघालात ना, खरी मजा त्यानंतर झाली. अशा इकडे या जरा, कुंपणाजवळ. तिकडून हाका मारत सांगण्यासारखं नाही ते. निमित्त काय, तर बेसबॉल! टीव्हीवर यांकीजची मॅच पावसानं थांबली, मैदानावर ताडपत्री अंथरली, आणि आमच्या हॉलभर माणसं चहाचे कप घेऊन रिकामी. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा, शेंडेफळ हो, तो म्हणाला, चला, सिनेमातले प्लेअर घेऊन ड्रीम टीम करू. नऊ जण, वर मॅनेजर, वर मालक. अट एकच, माणूस खोटा पाहिजे. हाडामांसाचा निघाला की बाद.

एवढंसं खूळ, पण मध्यरात्र उलटली तरी कोणी उठायला तयार नाही. आणि दोन सख्ख्या बहिणी अजून एकमेकींचा फोन उचलत नाहीयेत. सांगते ना, त्यावरच येतेय.

पहिला फटका आमच्या ह्यांनाच. ह्यांनी मोठ्या ऐटीत रिंकू सिंग आणि दिनेश पटेल अशी दोन नावं टाकली. 'मिलियन डॉलर आर्म'मधली आपली पोरं, मुळात भालाफेकवाली, २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सनं करार केला, सगळा पाढा म्हणून दाखवला. ते पोरगं शांतपणे म्हणतं, "अंकल, ते खरे आहेत. रिंकू तर नंतर डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती खेळला." ह्यांनी जो चहाचा कप तोंडाला लावला, तो रिकामा होता तरी खाली ठेवला नाही.

मग 'फील्ड ऑफ ड्रीम्स'ची पाळी. त्यातला शूलेस जो जॅक्सन बाद, कारण तो खरा. १९१९च्या वर्ल्ड सिरीजच्या भानगडीत आठ जणांना कायमचं बाहेर काढलं, त्यातला एक. मी म्हटलं, बरं, ते डॉक्टर ग्रॅहॅम घ्या, ज्यांना सबंध आयुष्यात मोठ्या लीगची एकच मॅच मिळाली. एवढी रडवणारी गोष्ट नक्की कोणीतरी रचलेली असणार. तर तेही खरे निघाले! १९०५ साली जायंट्सकडून खेळले, फक्त सिनेमावाल्यांनी साल बदललं. पण आमचे बँकवाले काका हार मानतात होय? ते म्हणाले, खरा जो डाव्या हातानं बॅटिंग करायचा, सिनेमातला उजव्या हातानं करतो, म्हणजे सिनेमातला खोटाच झाला! यावर जो काही हशा झाला. काकांचं तोंड मात्र गंभीर. ते अजूनही त्या मुद्द्यावर ठाम आहेत म्हणे.

तर काय सांगत होते… हां, 'लगान'. पुण्याहून नवीन आलेलं जोडपं आहे ना, त्यातल्या नवऱ्यानं कचराचं नाव घेतलं. गोवारीकरांचा सिनेमा, आपलं माणूस, सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको अगदी कौतुकानं बघत होती त्याच्याकडे. पण पलीकडचे आजोबा, तेच हो, ब्रुकलिनचे, त्यांनी विचारलं की हा नेमकं टाकतो कसा? मग त्याला सांगावं लागलं, की बॉल टप्पा पडून वळतो. आजोबा म्हणाले, आमच्याकडे टप्पा पडला की तो बॉल वायाच गेला. आणि दुसरं म्हणजे कचराचा बॉल वळतो तो जुना झाल्यावर. नव्या बॉलवर बिचाऱ्याचं काही चालत नाही, हे सिनेमातच दाखवलंय. इथे तर बॉलला जरा डाग लागला की अंपायर बाजूला टाकतो आणि नवा देतो! जुना होणार कधी तो?

यावरून एक भारी गोष्ट कळली बघा. नवा बॉल फार गुळगुळीत असतो, हातातून सटकतो, म्हणून मॅचच्या आधी प्रत्येक बॉलला चिखल चोळतात. आणि तो चिखल कुठला? आपल्या न्यू जर्सीतला! डेलावेअर नदीच्या कुठल्याशा उपनदीच्या काठचा, आणि नेमकी जागा कोणालाही सांगत नाहीत. इतकी वर्षं इथे राहतोय आपण, आणि आपल्या दाराशी असलेला एवढा धंदा आपल्याला ठाऊक नाही. असो. कचरा बाद. त्या मुलाचं तोंड उतरलं, पण बायको चटकन म्हणाली, "पाणक्या म्हणून ठेवू या का?" आणि त्याचं आणखीच उतरलं.

आता खरी भानगड ऐका. कॅचर! अहो, सिनेमावाल्यांना कॅचरचं काय एवढं वेड आहे कोण जाणे. 'बुल डरहम'मधला क्रॅश डेव्हिस कॅचर. 'मेजर लीग'मधला जेक टेलर कॅचर. 'अ लीग ऑफ देअर ओन'मधली डॉटी हिन्सन कॅचर. 'सँडलॉट'मधला तो गुबगुबीत हॅम पोर्टर कॅचर. 'बँग द ड्रम स्लोली'मधला ब्रूस पिअर्सनही कॅचरच. एका ओट्यावर पाच सुगरणी, मग पोळी कोण लाटणार?

माझं मत विचाराल तर त्याला कारण आहे. कॅचरलाच सगळं मैदान समोरून दिसतं. तोच खुणा करतो, तोच बॉलरला, म्हणजे पिचर हो, त्याला समजावतो, तोच समोर बॅट घेऊन उभ्या राहिलेल्याशी आणि मागच्या अंपायरशीही गप्पा मारतो. बाकीचे आपले लांब उभे, गवतात. बोलायला माणूस लागतं की नाही सिनेमाला? म्हणून कॅचर. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही झाला असतात चांगल्या कॅचर." कौतुक होतं की टोमणा, हे अजून ठरवतेय.

तर क्रॅश. क्रॅशवर कोणाचा आक्षेप असेल असं मला वाटलंही नव्हतं. इतका देखणा, इतका शहाणा, आणि नशिबानं इतका मार खाल्लेला माणूस! छोट्या लीगमध्ये २४७ होमरन, हा विक्रम, पण त्याची बातमीसुद्धा होऊ नये असं त्याचं त्यालाच वाटतं. मोठ्या लीगमध्ये राहिला तो फक्त २१ दिवस. आणि काम काय दिलंय, तर त्या न्यूक लालूशला माणसात आणायचं. न्यूक म्हणजे हाताला वीज आणि डोक्यात भुसा. पहिल्याच मॅचमध्ये १८ जणांना बाद केलं आणि १८ जणांना फुकट बेसवर पाठवलं. एक बॉल तर तो बैलाचा मुखवटा घालून नाचणारा माणूस असतो ना, त्याला जाऊन लागला! आणि मग आठवतंय का, न्यूक खुणा ऐकत नाही म्हटल्यावर क्रॅशनं काय केलं? समोरच्या टीमच्या बॅटरला हळूच सांगून टाकलं, आता कुठला बॉल येतोय ते! त्यानं तो पार कुंपणाबाहेर मारला. बरी अद्दल घडली. असा कॅचर हवा बाई.

पण बँकवाल्या काकांनी फोन काढला आणि म्हणाले, क्रॅश डेव्हिस नावाचा खरा माणूस होता! फिलाडेल्फियाकडून खेळला, आणि १९४८ साली खुद्द डरहम बुल्सकडून. सगळे गप्प. शूलेस जोचा सूड उगवला हो त्यांनी. खरी हकीकत अशी, की ज्या रॉन शेल्टननं सिनेमा लिहिला आणि काढला, तो स्वतः छोट्या लीगमध्ये खेळलेला. त्याला जुन्या नोंदींत ते नाव सापडलं, आवडलं, म्हणून उचललं. म्हणतात की त्यानं परवानगी मागितली तेव्हा त्या खऱ्या म्हाताऱ्या क्रॅशनं एकच विचारलं, शेवटी मुलगी मला मिळते ना? मिळते म्हटल्यावर, मग घ्या नाव! यावर बायकांनी एकमुखानं निकाल दिला, की नाव खरं असलं तरी माणूस खोटा, आणि क्रॅश आत.

मुलगी म्हणजे अ‍ॅनी सावोय हो. दर सीझनला टीममधला एक पोरगा निवडणारी… जाऊ दे. ती शेवटी क्रॅशची झाली सिनेमात. पण शूटिंगच्या वेळी सुसान सॅरंडन बाईंचं जमलं कोणाशी? त्या न्यूकशी! टिम रॉबिन्सशी. आणि थोडंथोडकं नाही, २००९पर्यंत टिकलं. पडद्यावर एक, पडद्यामागे भलतंच.

जेक टेलरचे गुडघे गेलेले, मेक्सिकोत खेळत होता तिथून उचलून आणलेला, आणि जुन्या प्रेयसीच्या मागे मागे तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरात घुसणारा. मला नाही हो असले आवडत. पण शेवटच्या मॅचमध्ये बोटानं लांब प्रेक्षकांत दाखवतो, की आता तिकडे मारणार, आणि सगळे श्वास रोखून बघत असताना नुसती बॅट आडवी धरून बॉल पायाशी टेकवतो! लंगडत पळतो तरी वाचतो, आणि तेवढ्यात तो विली मेज हेज दुसऱ्या बेसवरून थेट घरी. एवढ्याचसाठी राखीव कॅचर म्हणून ठेवला.

ब्रूस पिअर्सनचं नाव मात्र काढलं ते डॉक्टरीणबाईंनी, आणि आवाज जरा बदलला त्यांचा. १९७३चा सिनेमा, रॉबर्ट डी नीरो तेव्हा कोणाला माहीत होता! खेड्यातला साधा, काहीसा मंद कॅचर, त्याला हॉजकिन्स झालेला, आणि हे ठाऊक फक्त त्याच्या पिचरला, हेन्री विगनला. विगन मालकाशी भांडून करारात घालून घेतो, की आम्हा दोघांना वेगळं करायचं नाही. एकाला विकलंत तर दुसराही जाणार. मालक डोकं खाजवत बसले, कारण खरं कारण त्यांना सांगायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट आणि असा सोबती मी वर्षानुवर्षं बघते, म्हणून मला ही जोडी टीममध्ये हवी, खेळो न खेळो. कोणी वाद घातला नाही. दोघंही आत, एकत्रच.

आणि डॉटी. इथे ठिणगी पडली.

तुम्हाला माहीतच आहे, ती बायकांची लीग खरी होती. १९४३ साली च्युइंगगमवाल्या रिग्लीनं काढली, पुरुष लढाईवर गेले म्हणून, आणि १९५४पर्यंत चालली. सिनेमातली डॉटी मात्र खोटी, म्हणजे चालते. ऑरेगनच्या डेअरीवरची, दूध काढता काढता उचललेली. तिची धाकटी बहीण किट पिचर. दोघी रॉकफर्ड पीचेसमध्ये, मग भांडणानंतर किटला रसीनच्या टीमला देऊन टाकतात. आणि फायनलमध्ये दोघी समोरासमोर. किट फटका मारते, थांब म्हणून सांगितलेलं न ऐकता पळत येते, डॉटीवर धाडकन आदळते, आणि डॉटीच्या हातातून बॉल पडतो. किट जिंकते.

आता पडला, की पाडला?

आपल्याकडच्या त्या दोघी बहिणी, थोरलीनं आईला इथे आणलं नि धाकटी सांभाळते, त्या. नाव नको घ्यायला, तुम्ही ओळखलंतच. थोरली म्हणाली, पाडला. सरळ दिसतंय. सिनेमात आधी एकदा अशीच एक बाई येऊन डॉटीवर आपटली होती, तेव्हा हलला का बॉल हातातला? नाही! म्हणजे धाकटीसाठी सोडून दिला. थोरल्यांना सोडावंच लागतं नेहमी, असं म्हणून हातातली बशी जरा जोरात ठेवली. धाकटीचे कान लाल. ती म्हणाली, मग त्याच डॉटीनं आधी पिचरला का सांगितलं, की हिला उंच फास्ट बॉल टाक, तो हिला मारता येत नाही आणि सोडवतही नाही? हरायचंच होतं तर बहिणीची खोड शत्रूला कशाला सांगेल कोणी? तिनं जिंकायचा पुरता प्रयत्न केला आणि किटनं तिला हरवलं. धाकट्याही कधीतरी स्वतःच्या जोरावर जिंकतात म्हटलं!

अहो, हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आता कोणाला ठाऊक नव्हतं की हे डॉटी-किटचं नाहीये, आईच्या औषधांच्या बिलाचं आणि सॅन होजेतल्या त्या फ्लॅटचं चाललंय? आमचे हे मात्र भोळेपणानं म्हणतात, "डॉटी झालेल्या जीना डेव्हिसला विचारा ना, ती म्हणे जाणते, पण सांगत नाही." थोरली म्हणाली, "शहाणी आहे ती." आणि कोट घेतला. जूनमध्ये कोट! डॉटीला टीममध्ये घ्यायचं की नाही, यावर मत घ्यायचंच राहिलं. मी आपलं वहीत लिहून ठेवलंय, पक्की कॅचर डॉटी, क्रॅश पहिल्या बेसवर गेला तर जाऊ दे. माझं घर, माझी वही.

पण पहिला बेस नाही रिकामा, तिथे मिस्टर बेसबॉल म्हणजे टॉम सेलेक आधीच आहे. यांकीजनं जपानला, नागोयाला पाठवून दिलेला मिशीवाला. सुरुवातीला काय तोरा, बूट काढत नाही, सूपचा आवाज करत नाही. शेवटी तोही बॅट आडवीच धरतो बघा, टीमसाठी.

दुसऱ्या बेसवर डॉटीच्याच सिनेमातली मार्ला हूच, वाद नाही. आठवतं ना, शाळेच्या जिममध्ये दोन्ही हातांनी बॅटिंग करून खिडक्यांच्या काचा फोडते, आणि खेळाडू निवडायला आलेला माणूस मुलगी दिसायला बेताची म्हणून नको म्हणतो. डॉटी आणि किटनं बॅगा खाली ठेवल्या, ती येणार नसेल तर आम्ही गाडीत चढत नाही म्हणून. त्या वेळी एकमत होतं हो दोघींचं.

शॉर्टस्टॉप कोणाला सापडेना. शेवटी 'बॅड न्यूज बेअर्स'मधला टॅनर बॉईल सापडला. टीचभर पोरगं, तोंडात शिव्या, पहिली मॅच हरल्यावर जाऊन सबंध सातवीशी मारामारी करून आलेलं. आजोबा म्हणाले, शॉर्टस्टॉप असाच असतो.

आता तिसरा बेस, आणि त्यात ते पिचरचं प्रकरण गुंतलेलं. जरा जवळ या. 'मेजर लीग'मधला रॉजर डॉर्न तिसऱ्या बेसवर. मोठा करार, गुळगुळीत केस, आणि अंगावर बॉल आला की बाजूला सरकतो, चेहरा खराब होईल म्हणून. करारात लिहून आणलेलं, की व्यायाम करणार नाही. लू ब्राउन, तो टायर विकणारा मॅनेजर, त्यानं तो कागद जमिनीवर टाकला आणि त्यावर… नको, पोरं खेळतायत मागे. तर हा डॉर्न बाहेर दुसऱ्याच बाईबरोबर टीव्हीवर दिसला. घरी बायको बघत होती! तिनं काय केलं, सरळ बारमध्ये गेली आणि त्याच्याच टीमच्या पिचरला गाठलं. रिकी व्हॉनला! वाइल्ड थिंगला! त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नाही ही कोणाची कोण. सकाळी कळलं. आणि दुसऱ्या दिवशी फायनलसारखीच मॅच, यांकीजशी.

मग तो प्रसंग. डॉर्न हळूहळू चालत पिचरकडे येतो, सगळ्या टीमला कळलेलं, श्वास अडकलेले, आता देतो एक ठेवून. तो जवळ येऊन एवढंच सांगतो, की याला बाद कर. करतो हो तो! आणि जिंकल्यावर सगळे मिठ्या मारत असताना डॉर्न येतो, थोबाडात एक ठेवून देतो, आणि मग हात धरून त्याला उठवतो. बँकवाले काका म्हणाले, ऑफिसातही असंच व्हायला पाहिजे. काकूंनी त्यांच्याकडे जे बघितलं ना…

तर काय सांगत होते, डॉर्नला घ्यावा की डोरिसला? डॉटीच्या टीममधली रोझी ओडोनेलची डोरिस डॉर्नपेक्षा दसपट चांगली खेळते. पण आम्हा सगळ्यांना व्हॉन पिचर हवा होता, आणि व्हॉन असेल तर डॉर्न हवाच, नाहीतर गंमत काय? डोरिसवर अन्याय झाला. मान्य.

व्हॉनला मोठा चष्मा आहे ते बरं. त्याआधी त्याला दिसतच नव्हतं, म्हणून बॉल कुठेही जायचा, आणि एवढ्या मोठ्या क्लबात कोणी डोळे तपासले नाहीत. समोरच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांना मात्र वेगळाच पिचर हवा होता. १९४९चा सिनेमा, 'इट हॅपन्स एव्हरी स्प्रिंग'. त्यातही केमिस्ट्रीचा प्रोफेसर! प्रयोगशाळेत काच फुटते, रसायनं मिसळतात, आणि असं द्रव्य तयार होतं की ते लावलेला बॉल लाकडाजवळ जातच नाही. बॅट आली की हा बाजूला. प्रोफेसरसाहेब नोकरीतून गुपचूप सटकून सेंट लुईसच्या टीमचे पिचर. आमचे प्रोफेसर इतक्या तळमळीनं समजावत होते, की मला वाटलं, घरी गॅरेजमध्ये काही चाललंय की काय. पोरगं म्हणालं, चीटिंग आहे अंकल. "विज्ञान आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ बोलले नाहीत.

पिचर म्हणून बिली चॅपेलचं नाव ह्यांनी काढलं. चाळिशीचा, दुखरा खांदा, शेवटची मॅच यांकी स्टेडियमवर, आणि एकालाही बेसवर जाऊ न देता संपवली. पण चॅपेलही केव्हिन कॉस्टनर आणि क्रॅशही केव्हिन कॉस्टनर! स्वतःच टाकणार आणि स्वतःच झेलणार? डॉक्टरीणबाईंना मात्र हे फार आवडलं. दोन्ही टोकांना कॉस्टनर म्हणजे, त्या म्हणाल्या, तिकीट वसूल.

बाहेरच्या मैदानात फार भांडण नाही. रॉय हॉब्ज हवाच. विजेनं फाडलेल्या झाडाची बॅट, काळ्या कपड्यातल्या बाईनं गोळी घातली म्हणून सोळा वर्षं गायब, आणि मग पस्तिशी गाठून परत. बायकांच्या बाबतीत अक्कल कमी, पण रॉबर्ट रेडफर्डला कोण नाही म्हणेल? सिनेमात शेवटचा फटका वरच्या दिव्यांवर जातो आणि ठिणग्यांचा पाऊस. मूळ १९५२च्या कादंबरीत मात्र तो चक्क बाद होतो, हे प्रोफेसरांनी मुद्दाम सांगितलं, रागच होता ना मनात. मधल्या जागेवर विली मेज हेज. प्रत्येक बेस चोरला की एक हातमोजा भिंतीवर ठोकणारा. फक्त पहिल्या भागातला हं, वेस्ली स्नाइप्स. दुसऱ्या भागात तोच विली भलत्याच चेहऱ्यानं येतो, आणि घरातलं कोणी काही बोलतच नाही!

तिसऱ्या जागेला जो हार्डी सुचवला काकांनी, 'डॅम यांकीज'चा. सैतानाला आत्मा विकून तरुण झालेला. यावर मात्र काकूच बोलल्या. म्हणाल्या, बायकोला चिठ्ठी ठेवून गेला, आणि मग तरुण होऊन तिच्याच घरात भाडेकरू म्हणून खोली घेतली! आणि ती बिचारी जेवायला वाढतेय. असला माणूस मला टीममध्ये नको आणि घरातही नको. काका लगेच म्हणाले, हो हो, सेरानो घेऊ. सेरानो म्हणजे 'मेजर लीग'मधला, जोबू देवाला रम आणि सिगार दाखवणारा, वळणारा बॉल न कळणारा. देवाची रम पिऊन टाकणाऱ्या त्या हॅरिसच्या डोक्यात पुढे बॅट येऊन बसली, हे काकूंनी परत परत सांगितलं. काका पीत नाहीत हो, पण तरी.

मॅनेजरला वेळ लागला नाही. डॉटीच्या टीमचा जिमी डुगन दारुडा, 'बॅड न्यूज बेअर्स'चा बटरमेकर दारुडा आणि वर स्विमिंग पूल साफ करणारा. म्हणून लू ब्राउन. तो निदान टायर तरी नीट विकतो.

राहिला मालक. पोरगं म्हणालं, 'मेजर लीग'मधली रेचल फेल्प्स, तिच्यामुळे तर सगळे जिद्दीनं खेळतात. तिला टीम हरवून मायामीला हलवायची होती ना, म्हणून. तर आजोबा, इतका वेळ शांत बसलेले, लालबुंद झाले. अहो, ते लहान असताना त्यांच्या घराजवळ डॉजर्स खेळायचे. १९५७चा सीझन संपला आणि टीमच गेली, लॉस एंजेलिसला. घरात रडारड, वडिलांनी रेडिओ माळ्यावर टाकला. टीम हलवणारा मालक नको म्हणाले, मेलो तरी नको. आणि नाव काढलं ऱ्हुबार्बचं.

ऱ्हुबार्ब म्हणजे मांजर! १९५१चा सिनेमा. कोट्यधीश म्हातारा मरतो आणि ब्रुकलिनची टीम मांजराच्या नावावर करून जातो, सख्खी मुलगी कोर्टात. आणि त्या मांजराची व्यवस्था बघणारा कोण, तर रे मिलंड, तोच आधीचा केमिस्ट्रीवाला प्रोफेसर! त्याचं जिच्याशी लग्न ठरलेलं, तिला मांजराची अ‍ॅलर्जी. तेच मांजर पुढे ऑड्री हेपबर्नच्या 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'मध्येही आहे, बक्षिसं मिळालीत त्याला दोन्हीसाठी.

आजोबा म्हणाले, मांजर जागा सोडत नाही. माणसं सोडतात. सगळ्यांनी हात वर केले, समोरचे प्रोफेसरसुद्धा. म्हणजे मालक ठरला. आता डॉक्टरीणबाई म्हणतायत, पुढच्या शनिवारी बेंचवरचे निवडायचे, त्यांच्याकडे. मी बटाटेवडे नेतेय. तुम्ही यायचंच, आणि त्या दोघींपैकी एकीला तुमच्या गाडीत घाला, एकीला मी आणते. वेगवेगळ्या वेळी पोचलं पाहिजे, काय?